वाळूने गाळ निघतो, खार निघत नाही : विश्वेश्वरय्यांनी नळाच्या पाण्याचं कोडं कसं सोडवलं?

बुलढाणा शहरातल्या बऱ्याच कॉलन्यांमध्ये एकाच घरात दोन प्रकारचं पाणी असतं. एक नळाचं, दुसरं बोअरचं. नळाचं पाणी जपून भरून ठेवायचं, कारण ते प्यायचं आणि स्वयंपाकाचं. बोअरचं पाणी धुण्याभांड्याचं आणि आंघोळीचं.

आता कुणी चुकून बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला टाकली, की कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात आणि वरण काही एकजीव होत नाही. त्याच पाण्याने आंघोळ केली की साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात. बादलीच्या कडेला पांढरी रेघ बसते आणि गिझरची कॉईल काढली तर तिच्यावर चुन्याचं कवच चढलेलं असतं.

पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ. तरी ते नको असतं. का?

या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यातून फार छान समजतं. दरवर्षी १५ सप्टेंबरला आपण त्यांच्या नावाने अभियंता दिन साजरा करतो, फोटोला हार घालतो, स्टेटस ठेवतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. धरणं बांधणारा मोठा इंजिनियर ही त्यांची ओळख सगळ्यांना आहे. पण त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग गावोगावच्या लोकांना प्यायला कुठलं पाणी द्यायचं, हे ठरवण्यात गेला होता, हे फारसं सांगितलं जात नाही.

बुलढाण्याचा त्यांच्याशी काय संबंध?

बुलढाणा शहराला नळाचं पाणी मिळतं ते येळगाव धरणातून. पैनगंगा नदीवरचं हे धरण शहराच्या अगदी जवळ आहे. त्याची खासियत म्हणजे त्याचे स्वयंचलित दरवाजे. गोडबोले गेट या नावाने ते ओळखले जातात. धरण भरून पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दरवाजे पाण्याच्याच जोराने उघडतात. कुणी बटण दाबायला लागत नाही की चाक फिरवायला लागत नाही.

पाण्यानेच पाण्याला वाट करून द्यायची, ही कल्पना महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी प्रत्यक्षात आली होती. पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर, १९०३ साली. ते दरवाजे विश्वेश्वरय्यांचे होते. दोन्हींची रचना वेगळी, काळ वेगळा, पण विचार एकच.

तर गोष्ट सुरुवातीपासून बघू.

शिष्यवृत्तीवर पुण्यात आलेला मुलगा

मुद्देनहळ्ळी हे आजच्या कर्नाटकातलं चिक्कबळ्ळापूरजवळचं छोटं गाव. विश्वेश्वरय्यांचा जन्म तिथला. घरची परिस्थिती बेताची, त्यात वडील लवकर गेले. पुढचं शिक्षण बंगळूरला झालं, तेही मुलांच्या शिकवण्या घेत. १८८१ साली ते बी. ए. झाले.

म्हैसूर संस्थानाने त्यांना इंजिनियरिंगसाठी शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. हेच आजचं सीओईपी. १८८३ साली ते मुंबई इलाख्यात पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि पुढच्याच वर्षी इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक इंजिनियर म्हणून लागले.

सुरुवातीची नेमणूक नाशिक आणि खानदेशात. धुळ्याकडच्या दातर्ती गावाजवळ कालव्याचं पाणी ओढ्यापलीकडे नेण्यासाठी त्यांनी नळाचा सायफन बांधला. पावसाळ्यात पुराने काम अडवलं, तरी ते पूर्ण करूनच परतले. विशीतल्या पोराचं हे पहिलं मोठं काम होतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मुंबई इलाखा त्या काळी भलताच पसरलेला होता. आजचा पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, गुजरातचा आणि कर्नाटकाचा काही भाग आणि सिंधसुद्धा त्यात होता. इतकंच काय, अरबस्तानाच्या टोकावरचं एडन बंदरही मुंबईच्या कारभारात होतं. बुलढाणा मात्र वऱ्हाडात, म्हणजे या इलाख्याबाहेर. त्यामुळे आपल्या नायकाची बदली कधी धुळ्याला, कधी सिंधला, तर कधी समुद्रापार झाली. आणि या दोन दूरच्या ठिकाणीच त्यांना पाण्याची दोन वेगवेगळी कोडी भेटली.

पहिलं कोडं : सक्करचं गढूळ पाणी

सक्कर हे सिंधू नदीच्या काठचं शहर, आज पाकिस्तानात. नदी एवढी मोठी की पाण्याला तोटा नाही. पण सिंधू हिमालयातून गाळ घेऊन येते. पाणी तांबूस आणि वाळूमिश्रित. भांड्यात भरून ठेवलं तर तळाशी चिखल बसायचा.

शहराला नळाने पाणी द्यायचं ठरलं आणि १८९४ साली विश्वेश्वरय्यांना तिथे पाठवण्यात आलं. नेहमीची पद्धत सोपी होती. नदीचं पाणी पंपाने वर घ्यायचं, वाळूच्या मोठ्या हौदांतून गाळायचं आणि टेकडीवरच्या टाकीतून शहरात सोडायचं. अडचण एकच होती. गाळणीचे हौद बांधायला नगरपालिकेकडे पैसे नव्हते.

मग विश्वेश्वरय्यांनी वेगळा विचार केला. वाळूचे हौद बांधायला पैसे नाहीत, पण नदीच्या पात्रात फुकटची वाळू पसरलेलीच आहे की! त्यांनी पात्रातच विहीर खोदायला लावली. नदीचं पाणी वाळूच्या थरांतून झिरपत झिरपत विहिरीत येई. येताना गाळ वाळूत अडके आणि विहिरीत निवळशंख पाणी जमा होई. तिथून भुयारी मार्गाने ते पंपाकडे आणि पंपाने टेकडीवर. १८९५ पर्यंत योजना पूर्ण झाली.

आपल्याकडे उन्हाळ्यात कोरड्या नदीत झरा उकरतात, विदर्भात त्याला झिरा म्हणतात. तत्त्व तेच. फक्त एका अख्ख्या शहराला पुरेल एवढं मोठं केलेलं.

वाळू गाळ अडवते. बऱ्याच प्रमाणात जंतूही अडवते. पण एक गोष्ट वाळूला जमत नाही, आणि बुलढाण्यातल्या बोअरच्या पाण्याची गोम तिथेच आहे.

पाणी जड होतं म्हणजे नेमकं काय होतं?

चहात साखर विरघळली की ती गाळणीत अडकते का? नाही. चहापत्ती अडकते, साखर कपात येते. पाण्यातला गाळ म्हणजे चहापत्ती. पाण्यातले क्षार म्हणजे साखर.

पावसाचं पाणी मुळात मऊ असतं. ते जमिनीत मुरतं, खडकाच्या भेगांतून फिरतं आणि जाता जाता खडकातले क्षार विरघळवून घेतं. बुलढाणा जिल्ह्याचा दक्षिणेकडचा डोंगराळ भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. पाणी या दगडात जितकं जास्त काळ राहील, तितकं ते जड होण्याची शक्यता जास्त. म्हणून धरणाचं पाणी सहसा मऊ लागतं आणि खोल बोअरचं जड.

हेच कॅल्शियम साबणाशी चिकटतं, म्हणून फेस होत नाही. हेच डाळीच्या पेशी घट्ट धरून ठेवतं, म्हणून ती शिजत नाही. आणि पाणी तापलं की हेच बाहेर पडून कॉईलवर बसतं.

याचं मोजमापही आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ६०० हा आकडा छोटा वाटतो? गच्चीवरच्या १००० लिटरच्या टाकीचा हिशोब करा. त्यात ६०० ग्रॅम क्षार झाले. म्हणजे अर्ध्या किलोहून जास्त चुना, डोळ्यांना न दिसणारा.

जडपणाचे दोन प्रकार असतात. एक पाणी उकळलं की बराचसा कमी होतो, पातेल्याच्या बुडाला थर देऊन. दुसरा कितीही उकळा, जात नाही. तुरटी फिरवली तर गाळ खाली बसतो, जडपणा राहतो. क्लोरीनने जंतू मरतात, जडपणा तसाच. कापडाने गाळा, वाळूने गाळा, क्षार पाण्यासोबत पार निघून येतात.

म्हणजे सक्करची युक्ती इथे चालणार नाही. मग काय करायचं? त्यासाठी विश्वेश्वरय्यांच्या दुसऱ्या प्रवासाकडे जाऊ.

दुसरं कोडं : एडनचं खारं पाणी

सक्करनंतर त्यांनी सुरतेच्या पाणीपुरवठ्यावर काम केलं, मग पुण्यात आले. इथे त्यांनी नीरा कालव्यावर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत आणली आणि खडकवासल्याला ते स्वयंचलित दरवाजे बसवले. धरणाची भिंत उंच न करता पाणीसाठा वाढला. पूर आला की दरवाजे आपोआप उघडायचे, ओसरला की मिटायचे. या रचनेचं पेटंटही त्यांच्या नावावर होतं.

पुढे ते मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनियर झाले. सोप्या भाषेत सांगायचं तर इलाख्यातल्या शहरांना पाणी आणायचं कसं आणि सांडपाणी न्यायचं कसं, हे बघणारा सरकारी तज्ज्ञ. याच कामासाठी १९०६ साली त्यांना एडनला पाठवलं गेलं.

एडन म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीच्या कुशीतलं बंदर. तीन बाजूंना समुद्र, पाऊस जवळपास नाहीच. विहिरींचं पाणी मचूळ. डोंगरात पुरातन काळातल्या मोठमोठ्या टाक्या आहेत, पण पाऊसच नाही तर त्या भरणार कशा? समुद्राचं पाणी उकळून, वाफ थंड करून गोडं पाणी बनवण्याची यंत्रं होती. ते पाणी महाग पडायचं. सामान्य माणसाने काय करायचं?

सक्करला पाणी गढूळ होतं, इथे ते खारं होतं. तिथल्यासारखी विहीर खोदून वाळूतून पाणी झिरपवलं असतं तरी खार गेला नसता. विश्वेश्वरय्यांनी हे ओळखलं आणि वेगळाच प्रश्न विचारला. या पाण्याचं काय करायचं हे सोडा, गोडं पाणी सगळ्यात जवळ कुठे पडतं?

ते एडनच्या उत्तरेला आतपर्यंत हिंडले. दूरच्या डोंगराळ भागात बऱ्यापैकी पाऊस पडतो आणि तिथून निघालेली नदी लाहेजजवळच्या वाळवंटात जिरून जाते, हे त्यांना दिसलं. नदी वरून कोरडी, पण वाळूखाली गोडं पाणी. त्या पात्रात झिरपविहिरी घ्यायच्या आणि पाणी नळाने शहरापर्यंत आणायचं, अशी योजना त्यांनी सुचवली.

बघा, झिरपविहीर दोन्हीकडे आहे. पण सक्करला तिने पाणी गाळलं आणि एडनसाठी तिने पाणी शोधलं. गाळ असेल तर आहे ते पाणी साफ करता येतं. खार असेल तर आधी स्रोत बदलता येतो का ते बघायचं. एका माणसाने दहा-बारा वर्षांत दिलेले हे दोन धडे.

त्यानंतरचं आयुष्य

१९०८ साली त्यांनी मुंबई सरकारची नोकरी मुदतीआधीच सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हैदराबादला मुसी नदीचा महापूर आला आणि हजारो माणसं गेली. निजाम सरकारने त्यांना बोलावलं. त्यांनी शहराच्या वरच्या बाजूला पाणी अडवण्याची योजना मांडली. त्यातूनच उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय झाले. पूरही अडला आणि हैदराबादला प्यायचं पाणीही मिळालं.

पुढे ते म्हैसूरचे मुख्य इंजिनियर झाले, कृष्णराजसागर धरणाचं काम सुरू केलं, १९१२ ते १९१८ या काळात संस्थानाचे दिवाण राहिले. १९५५ साली भारतरत्न मिळालं. जुलै १९६१ मध्ये पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यात खडकवासला धरणही गेलं. त्यांच्या तरुणपणीचं काम जिथे उभं होतं ते धरण त्यांच्या हयातीतच फुटलं. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, ते बंगळूरला वारले.

आता परत बुलढाण्याला

बुलढाणा जिल्ह्यात सक्करपण आहे आणि एडनपण.

पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ होतं, नळाला पिवळसर पाणी येतं. हा सक्करचा प्रश्न. तुरटी, वाळूच्या गाळण्या, क्लोरीन, हे सगळं नीट चाललं की तो सुटतो.

पण घाट उतरून खाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात गेलं की गोष्ट बदलते. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांतली कितीतरी गावं खारपाणपट्ट्यात येतात. हा पट्टा पुढे अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत जातो. वर चिकण काळी माती, खाली गाळाचे जाड थर, पाण्याचा निचरा कमी. भूजलात मीठ आणि इतर क्षार साठून राहिलेत. इथल्या अनेक विहिरींचं पाणी नुसतं जड नाही, चवीलाच खारं आहे. माणसाला नाही चालत आणि पिकालाही नाही.

निचरा नसला की काय होतं, याचा पुरावा जिल्ह्यातच आहे. लोणारला जा. विवराच्या कडेला धारेचं गोडं पाणी अखंड पडतं आणि तळाशी सरोवराचं पाणी खारं. पाणी आत येतं, पण बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी नेतं, क्षार मागे ठेवतं. हजारो वर्षं हेच चाललंय.

संग्रामपूर आणि जळगाव जामोद भागात मूत्रपिंडाच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत आणि लोक त्याचा दोष पाण्याला देतात. इथे एक फरक समजून घ्यायला हवा. जडपणा म्हणजे फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियम, आणि त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणाने मर्यादा ठरवलेली नाही. पण खाऱ्या पाण्यात एकूण क्षार, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड यांचाही प्रश्न असू शकतो. म्हणून साबणाला फेस येत नाही एवढ्यावरून पाणी विषारी ठरत नाही. आणि फेस येतो म्हणून ते सुरक्षितही ठरत नाही.

या पट्ट्यासाठी शोधलेलं उत्तर मात्र थेट एडनच्या जातकुळीतलं आहे. उत्तरेला सातपुडा. तिथल्या पावसावर भरणारं वान धरण. त्याचं गोडं पाणी नळाने खारपाणपट्ट्यातल्या गावांना द्यायचं. जळगाव जामोद-संग्रामपूरकडची योजना तर १४० गाव योजना या नावानेच ओळखली जाते. डोंगराचं पाणी मैदानात. स्रोत बदला.

मग घरोघरी आरओ आहेतच की?

आहेत. आरओ क्षार काढतो, हे खरं. पण प्रत्येक भांडं शुद्ध पाण्यामागे बरंच पाणी मोरीत सोडून देतो. पाणी जितकं जड, तितका खर्च जास्त. मशीन, फिल्टर, मेंटेनन्स, सगळं घराच्या खिशातून. ज्याला परवडतं तो मशीन घेतो, ज्याला अर्धंमुर्धं परवडतं तो रोजचा कॅन घेतो, आणि ज्याला काहीच परवडत नाही तो बोअरचंच पाणी पितो. एकाच गल्लीत तीन घरं, तीन प्रकारचं पाणी.

विश्वेश्वरय्यांच्या दोन्ही योजनांमध्ये ही वाटणी नव्हती. पाणी मुळाशी चांगलं करायचं किंवा चांगलं पाणी मुळापासून आणायचं, आणि मग नळाने सगळ्यांना सारखं द्यायचं.

तोवर आपण काय करू शकतो?

आधी आपलं पाणी ओळखा. स्वच्छ बाटलीत थोडं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा चुरा टाका आणि हलवा. फेस आला तर पाणी मऊ. फेसाऐवजी फाटलेल्या दुधासारखं झालं तर जड. हा झाला घरचा अंदाज. स्वस्तात मिळणारं टीडीएस मीटर एकूण क्षारांचा अंदाज देतं, पण त्यात जडपणा वेगळा कळत नाही आणि जंतू तर मुळीच कळत नाहीत. खरी तपासणी प्रयोगशाळेत होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांमध्ये पाण्याचे नमुने तपासले जातात. रिपोर्टमध्ये हार्डनेस, टीडीएस, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू हे पाच रकाने आधी बघा.

बोअर जड असेल तर पावसाळ्यात छताचं पाणी गाळून जमिनीत सोडा. पावसाचं मऊ पाणी मिसळलं की बोअरचा जडपणा कमी व्हायला मदत होते. निदान पिण्यासाठी आणि वरणासाठी तरी नळाचंच पाणी राखून ठेवा.

आणि वॉर्डात नळाला पाणी उशिरा येतं, कमी येतं किंवा गढूळ येतं, तेव्हा बोअर मारून गप्प बसू नका, नळाच्या पाण्यासाठी भांडा. कारण बोअर मारला की पाणी येईल, पण ते त्याच काळ्या कातळातून येईल.

पुढच्या पावसाळ्यात येळगाव धरण भरेल आणि ते दरवाजे आपोआप उघडतील. तेव्हा रील जरूर काढा. पण घरी येऊन नळ सोडल्यावर एकदा आठवा की हे पाणी गोड आहे, कारण ते दगडात न मुरता धरणात थांबलं.